शेवटच्या उजेडाची दुर्बीण

९ सप्टेंबर
कोस्की क्रीक, मिशिगन

प्रिय ऑनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र आधी कचऱ्यात टाकशील आणि मग कॉफी पिता पिता पुन्हा उचलशील. चाळीस वर्षं तुझी वहिनी आहे, तेवढं ओळखते मी तुला. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. रेइनोला यातलं काही माहीत नाही. त्याच्यासमोर तुझं नाव काढलं की तुझा भाऊ उठून लाकडं फोडायला जातो, आणि आमच्याकडे आता पुढच्या दोन हिवाळ्यांची लाकडं फोडून झाली आहेत.

गेल्या नोव्हेंबरात शिकारीच्या कॅम्पवर काय झालं ते मला धड कुणीच सांगितलेलं नाही. तुझी हकिकत तिथे तुमच्याबरोबर असलेल्या गॉर्डन टेर्वोकडून कळली. शिकारीचा दिवस संपला होता, तू पायवाटेने झोपडीकडे परत येत होतास, अंगात माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी, आणि मान वर केलीस तर सख्ख्या भावाच्या बंदुकीची नळी तुझ्यावर रोखलेली. तू ओरडलास. मग रात्री जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणालास, "रेइनो, तुझे डोळे गेलेत. बंदूक खाली ठेव, नाहीतर कुणाचातरी जीव घेशील." रेइनोची हकिकत आखूड आहे. बंदुकीवरची दुर्बीण स्वस्तातली होती, उजेड कमी झाल्यावर काच काळवंडली, आणि तो नेम धरत नव्हता, नुसता बघत होता.

बघायला गळ्यात वेगळी दुर्बीण असते, भरल्या बंदुकीवरची नाही, हे तुमच्या बापाने तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी हे त्याला म्हणाले. त्या दिवशी खूप लाकडं फोडली गेली.

तर आता दोष दुर्बिणीचा ठरला आहे आणि उपाय म्हणजे नवी दुर्बीण. उन्हाळाभर दुसरा विषय नाही. आमच्या व्हरांड्यातल्या टेबलावर टॉवेल पसरलेला असतो आणि त्यावर तीन दुर्बिणी, आजारी मांजरं निजवावीत तशा. एक बॉबकॅट, स्वस्तातली, जुनीच. एक कोमाडा, जपानी, मधल्या किमतीची. आणि एक आल्डरहोफ, जर्मन, जिच्या किमतीत आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर झालं असतं. शेवटच्या दोन्ही डेलच्या बंदुकांच्या दुकानातून बघायला म्हणून आणलेल्या. सूर्य बुडाला की मला हाक येते. मी हात पुसत जाऊन बसते. शेजारच्या कार्लसनच्या कोठाराकडे बघायचं आणि कुठल्या काचेतून किती वेळ दिसतं ते सांगायचं.

"काय दिसतं?"

"कोठार."

"कोठार मलाही दिसतं. दाराची कडी दिसते?"

"दिसते."

"कुठल्यातून?"

"तिन्हींतून, रेइनो. आणि तिन्ही खाली ठेवल्या तरी दिसते."

परवा त्याने कॉफी कपाच्या शेजारी ओतली. टेबलक्लॉथवर पसरली तरी ओतत होता. मी फडकं आणलं, तो म्हणाला कपाला तडा गेला असेल. मी कप फेकून दिला, ऑनी. चांगला कप होता.

मला भीती वाटते. तो कुणाला तरी मारेल ही भीती वाटते, आणि मग आयुष्यभर तो मेलेला माणूस आमच्या घरात येऊन राहील, जेवायला, झोपायला. हे तो सहन करू शकणार नाही. मीही नाही.

तू ये. हंगामाच्या पहिल्या दिवसापर्यंत ये. त्याने ऐकलं तर तो तुझंच ऐकेल. चिडला आहे याचाच अर्थ ऐकलंय.

मार्लिस


६ ऑक्टोबर

प्रिय ऑनी,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र छान आहे. मागे लिहिलेलं वाचायला मला चष्मासुद्धा लागला नाही. "त्याला बंदुकीला हात लावू देऊ नकोस. मी येणार नाही." वा. म्हणजे सल्ला तुझा आणि अंमलबजावणी माझी. सहा फुटी माणसाच्या हातातून बंदूक मी कशी काढून घ्यायची, तेही लिहायचं होतंस, जागा बरीच मोकळी होती.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका सकाळी बंदुकीच्या कपाटाची किल्ली लपवली. त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार उतरवलं, बंदूक पुसली, पुन्हा आत ठेवली आणि दार तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. आता येणारा-जाणारा विचारतो, कपाटाला काय झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र नेलं. तिकडे मार्केट शहरात, टायर घ्यायचे आहेत असं खोटं सांगून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलत होत्या. म्हणाल्या की पिवळ्या पडलेल्या खिडकीतून बघावं तसं दिसत असणार, तिन्हीसांजेला जास्त त्रास होणार, रंग मातकट होणार. म्हणजे नारिंगी जाकीट काय आणि तपकिरी हरीण काय. ऑपरेशन सोपं आहे. दुसऱ्या आठवड्यातच होईल म्हणाल्या.

"डिसेंबरात," रेइनो म्हणाला.

"त्याआधी का नको?"

"हंगाम आहे."

गाडीत मी त्याला धरलं. म्हटलं, पंधरा मिनिटांचं काम, आणि मग तुला कार्लसनच्या कडीवरचा गंज दिसेल, दुर्बिणीवर पैसे घालवायला नकोत. तो रस्त्याकडे बघत होता. गाडी मी चालवत होते, आता मीच चालवते.

"आणि ऑनीला काय सांगशील? त्याचं खरं निघालं म्हणून?" तो म्हणाला.

"ऑनीचा काय संबंध?"

"डिसेंबरात करतो. या हंगामात एक नर आणतो, भिंतीवर त्याची शिंगं लावतो, मग डिसेंबरात डोळे फोडा नाहीतर काढून टाका."

म्हणजे सगळं घोडं तिथेच अडलं आहे. तू जे बोललास ते बरोबर होतं. तू जिथे बोललास, वेस आणि गॉर्डन आणि त्या टेर्वोच्या जावयासमोर, ते चूक होतं. हे मी तुला तोंडावर सांगितलं असतं, पण तुझं तोंड ऍरिझोनात आहे.

दुर्बीण ठरली. जर्मन. डेलने बिचाऱ्याने खूप समजावलं. गिऱ्हाईकाला महाग वस्तू घेऊ नकोस म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला.

"रेइनो, हे बघ," तो म्हणाला, "बॉबकॅट सोडून कोमाडा घेतलीस तर खरंच फरक पडतो, ते पैसे वसूल होतात. कोमाडा सोडून जर्मन घेतलीस तर तीन-चार मिनिटं जास्त मिळतात, आणि त्या मिनिटांत बार काढणं कायद्यानेच बंद आहे. दुप्पट पैसे देऊन जंगलखात्याच्या वॉर्डनला घरी बोलावणार का?"

"मला मोठ्या काचेची हवी."

"मोठ्या काचेतून उजेडाचा झोत मोठा येतो, कबूल. पण तो आत घ्यायला बुबुळही तेवढं उघडायला हवं. विशीतल्या पोराचं उघडतं. आपलं वय झालं, आपलं दार अर्धंच उघडतं. बाकीचा उजेड तुझ्या गालावर पडणार."

रेइनोने त्याच्याकडे असं बघितलं की डेल खोक्याला कागद गुंडाळू लागला. बोटीचं इंजिन विकून पैसे उभे केले. मासेमारी तशीही तुझ्याबरोबरच करायचा.

आणि खरं सांगू, मी त्यातून बघितलं तेव्हा मलाही बरं वाटलं. अंधारात कोठाराच्या फळ्या एकेक मोजता येतात. कडा इतक्या स्वच्छ की हात लावावासा वाटतो. कोमाडातून थोडं दुधट दिसतं, बॉबकॅटमध्ये सगळा चिखल. तेवढा फरक आहे, माझ्या डोळ्यांना तरी. त्याने डोळा लावला, खूप वेळ बघितलं, आणि हळूच म्हणाला, "कडी दिसली." खोटं बोलत होता की नाही, मला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी विचारलंच नाही.

कॅम्पवर गॉर्डन आहे, वेस आहे. त्यांना मी सांगितलं, त्याच्यावर लक्ष ठेवा. ते म्हणाले, मार्लिस, तो आपल्या मचाणावर बसतो, आम्ही आपापल्या, लक्ष कसं ठेवणार. ते त्याच्या समोरच्या बाजूला फिरकणार नाहीत एवढं कबूल केलंय. पण लाकडं गोळा करणारे, वाट चुकलेले, शिकागोहून आलेले, त्यांना कोण सांगणार?

म्हणून अजूनही म्हणते, ये.

मार्लिस


१० नोव्हेंबर

प्रिय ऑनी,

तू येत नाहीस हे आता मी धरून चालले आहे. तेव्हा मी माझ्या डोक्याने एक गोष्ट केली आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

काल आम्ही खडीच्या खाणीत गेलो होतो, नेम जुळवायला. दरवर्षीसारखंच. वाळूच्या पिशव्या बॉनेटवर, त्यावर बंदूक, शंभर यार्डांवर फळी, फळीवर कागद. तो बार काढतो, मी तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून कागद बघते आणि गोळी कुठे लागली ते सांगते. लग्नाच्या वर्षापासून हे काम माझं आहे. मी म्हणते डावीकडे दोन इंच, तो बंदुकीवरच्या दुर्बिणीचं टोपण काढून नाण्याने स्क्रू फिरवतो, कट् कट् आवाज येतो, पुन्हा बार. मी म्हणाले ते त्याने कधी तपासलं नाही. इतर बायकांना नवरे फुलं देतात म्हणे. मला हे मिळालं.

पहिली गोळी बरोबर मधोमध लागली, ऑनी. डेलने दुर्बीण बसवून देतानाच जुळवून दिली होती.

"कुठे?" रेइनोने विचारलं.

त्याला कागद पांढरा दिसत होता, भोक दिसत नव्हतं. ते त्याच्या विचारण्यावरूनच कळलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडे. बरीच."

त्याने स्क्रू फिरवला. गोळी डावीकडे सरकली.

"आता?"

"अजून उजवीकडेच."

पुन्हा फिरवला. असं चार-पाच वेळा. तो म्हणाला, डेलला काही येत नाही. मी म्हणाले, खरंय. शेवटी गोळी इतकी डावीकडे जाऊ लागली की कागदाच्या कडेला भोक पडलं, आणि मी म्हणाले, "मधोमध." त्याने टोपण घट्ट लावलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. फळीकडे मीच गेले, बर्फ निसरडा आहे म्हणून. कागद काढला, खिशात कोंबला आणि घरी येऊन स्टोव्हात घातला.

आता तो कुठल्याही हरणावर नेम धरू दे, गोळी बाजूने निघून जाईल. एक चुकेल, दोन चुकतील. हंगामभर रिकाम्या हाताने परत येईल. तुझ्याकडून नाही, माझ्याकडून नाही, हरणांकडूनच त्याला कळेल, आणि मग डिसेंबरात तो गुपचूप मार्केटला येईल. एवढा एक हंगाम निभावून न्यायचा आहे. शिवाय त्याचं मचाण उंच आहे, मागे टेकडीचा उतार आहे, चुकलेली गोळी मातीतच जाणार. हे सगळं मी नीट विचार करून बघितलं आहे.

मला वाईट वाटतंय. चाळीस वर्षांत त्याला खोटं भोक पहिल्यांदाच सांगितलं. पण माणूस मरण्यापेक्षा हे बरं, नाही का? तू काहीही म्हण, पण हे माझ्याशिवाय कुणाला जमलं नसतं. शुक्रवारी तो कॅम्पवर जाईल. शनिवारी हंगाम सुरू होतोय.

मार्लिस


२३ नोव्हेंबर

ऑनी,

गॉर्डनने तुला फोनवर कळवलं. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास, असं तो म्हणाला. मी तुला दोष देत नाही. बाकीचं मी सांगायला हवं.

तुझा निरोप मी ऐकला होता. शनिवारी, त्याच दिवशी, दुपारी. चर्चच्या बाजारातून मोजे आणि वेलचीचा पाव घेऊन आले तर फोनच्या निरोपाच्या मशीनचा दिवा लुकलुकत होता. वर्षानंतर तुझा आवाज. "मार्लिस, पत्र आत्ता वाचलं. आत्ताच्या आत्ता कॅम्पवर जा आणि त्याला सांग. तो चुकणार नाही. तो जखमी करेल. आणि जखमी केलं की त्याच्या मागे जाईल, तुला माहीत आहे तो कसा आहे."

मला माहीत होतं. तुम्हा कांगासांच्या घरात जखमी जनावर रानात सोडून आलेला माणूस जेवायला बसत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरे बर्फात दीड दिवस एका हरणीमागे गेले होते, आणि मी सासूबाईंना विचारलं होतं की हे काय वेड आहे. त्या म्हणाल्या होत्या, वेड नाही, देणं आहे. हे सगळं मला माहीत होतं आणि खाणीत उभी असताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त माणसं होती. हरणाचा विचारच केला नाही.

उजेड भरपूर होता. कॅम्पच्या रस्त्यावरचा बर्फ काढलेला होता. मी गेले नाही. मला तुझा राग आला होता. वर्षभर तोंड फिरवून बसलास आणि आता मशीनवर हुकूम. आणि गेले असते तर काय सांगणार होते? सगळ्यांसमोर? की रेइनो, मी तुला फसवलं? मी म्हटलं, उद्या चर्च झाल्यावर जाईन, पॅनकेक घेऊन जाईन, त्याला बाजूला घेऊन सांगेन. आणि मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. त्याचेच कपडे.

गॉर्डनने एक बार ऐकला. सूर्य बुडाल्यावर, पण कायद्याच्या वेळेच्या आतच. वॉर्डनही तेच म्हणाला. रेइनो जेवायला आला नाही तेव्हा त्यांना वाटलं हरीण सोलत असेल. मग ते कंदील घेऊन निघाले. मचाणाखाली त्याच्या पावलांचे ठसे होते, सफरचंदाच्या झाडाशी रक्त आणि हिरवट घाण होती, म्हणजे गोळी पोटात लागली होती. त्याच्या शेजारून तुझ्या भावाची पावलं देवदारांच्या दलदलीत गेलेली. मग बर्फ पडायला लागला आणि माग बुजला. त्यांनी खूप हाका मारल्या.

तो सकाळी सापडला. ओढ्यावरचा बर्फ फुटून तो कमरेपर्यंत बुडाला होता, तरी पलीकडे निघाला होता आणि पुढे चालत गेला होता. झाडाला पाठ टेकून बसलेला होता, थंडीने गेलेला. बंदूक शेजारच्या फांदीला टेकवलेली, रिकामी केलेली, काडतुसं खिशात. हरीण त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर मरून पडलं होतं. मोठा नर. गॉर्डन म्हणाला, अजून दोन मिनिटं चालता तर हात लागला असता.

पहिल्यांदा मनात आलं ते सांगते. तो म्हणायचा तशी आता शिंगं भिंतीवर लागणार. मग मी खूप रडले, वेसच्या गाडीत, वेस बिचारा रेडिओचं बटण फिरवत बसला.

मार्लिस


१९ जानेवारी

प्रिय ऑनी,

तू पाठवलेली फुलं मिळाली. नावाची चिठ्ठी नव्हती, पण पिवळी फुलं पाठवणारा आपल्यात तूच.

जमीन गोठलेली आहे, त्यामुळे रेइनो दफनभूमीच्या दगडी खोलीत आहे, इतर पाच जणांबरोबर. मे महिन्यात जमीन सुटली की पुरतील. प्रार्थना मात्र डिसेंबरात झाली आणि नंतर चर्चच्या तळघरात कॉफी. तू नव्हतास हे सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं.

त्या कॉफीबद्दल लिहायचं आहे. पुरुष एका टेबलावर होते. वाईट कुणी बोलत नव्हतं, चांगलंच बोलत होते. म्हणून जास्त लागलं.

"इतकी महागाची दुर्बीण, आणि पोटात मारलं," टेर्वोचा जावई म्हणाला.

"दुर्बीण काय करणार," वेस म्हणाला. "डोळेच राहिले नव्हते बिचाऱ्याचे."

"ऑनीने सांगितलं होतं."

"हो. ऑनीचं ऐकायला हवं होतं."

मी कॉफीची किटली घेऊन उभी होते. खाली ठेवली आणि म्हणाले की डोळ्यांचा दोष नव्हता. खाणीत मी त्याला खोटं सांगितलं, स्क्रू माझ्या सांगण्यावरून फिरवला गेला, गोळी डावीकडे जात होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

गॉर्डन उठला आणि त्याने मला खुर्चीवर बसवलं. "मार्लिस," तो म्हणाला, "तू त्याच्यासाठी भिंतीसारखी उभी राहिलीस, आम्ही बघितलंय. आता स्वतःला असं छळू नकोस." पाद्रीबाईंनी माझा हात हातात घेतला. कुणीतरी पाव पुढे सरकवला. मला ओरडावंसं वाटलं. मी पाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मार्केटच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून रेइनोच्या ऑपरेशनसाठी फोन आला. उद्या सकाळी उपाशीपोटी या, कुणीतरी गाडी चालवणारं बरोबर आणा. तो गेला, मी फोनवरच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ती वेळ दुसऱ्या कुणाला देऊ का? द्या म्हणाले.

नाताळानंतर शेरीफच्या माणसाने बंदूक परत आणून दिली. मी ती कपाटात ठेवली, दार अजून भिंतीलाच टेकलेलं आहे. रोज येता-जाता दिसायची. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि तिच्यामुळे झोप लागत नव्हती. त्याने जो नेम धरला तो कुठे धरला होता? त्याला खरंच काही दिसलं होतं, की अंधारात एका काळ्या ठिपक्यावर चाप ओढला होता? कारण तसं असेल तर पुढच्या वेळी तो ठिपका माणूस असता, आणि मग माझं खोटं बोलणं कशासाठी तरी झालं असं म्हणता आलं असतं. मला ते म्हणायचं होतं. खोटं कशाला सांगू.

मग मी गॉर्डनकडे गेले. हरीण त्यानेच सोललं होतं, कातडं त्याच्या शेडमध्ये ताणून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, गोळी कुठे लागली ते दाखव. तो नको नको म्हणत होता, पण मी हलले नाही. त्याने बोट ठेवलं. मी विचारलं, खरी कुठे लागायला हवी होती? त्याने पुढच्या पायाच्या मागे, काळजाच्या जागी दुसरं बोट ठेवलं. दोन बोटांमध्ये माझी एक वीत आणि वर चार बोटं. वरखाली काहीच फरक नाही, सरळ रेषेत. हरीण कुठे तोंड करून उभं होतं ते त्याने ठशांवरून बघितलं होतं. उजवीकडे.

काल मी एकटी खाणीत गेले. वाळूच्या पिशव्या बॉनेटवर ठेवल्या, कागद लावला. त्याच्या मचाणापासून सफरचंदाचं झाड जेवढं लांब आहे तेवढ्याच अंतरावर. मी थांबले, ऑनी. दिवस उतरेपर्यंत थांबले, बोटं गारठली तरी थांबले, कारण त्याला जेवढा उजेड होता तेवढाच मला हवा होता. मग त्या काचेतून बघितलं. कागदावरचं काळं वर्तुळ अगदी मधोमध धरलं आणि चाप ओढला. खांद्याला असा दणका बसला की अजून हात वर जात नाही.

मग टॉर्च घेऊन फळीपाशी गेले आणि भोकापासून मध्यापर्यंत हात लावला. एक वीत आणि चार बोटं. डावीकडे. वरखाली काही नाही. उजवीकडे तोंड केलेल्या हरणाचं पोट काळजाच्या डावीकडेच येतं.

म्हणजे त्याने काळजावर धरला होता. केसभरही इकडेतिकडे नाही. त्या उजेडात, त्या डोळ्यांनी, त्याने हरणाचा पाय बघितला, पायामागची जागा बघितली आणि तिथे धरलं. मग अंधारात माग काढत जवळजवळ हरणापर्यंत पोचला. त्याला दिसत होतं, ऑनी. पुढच्या वर्षी दिसलं असतं की नाही, कार्लसनची कडी खरंच दिसली होती की नाही, ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी दिसत होतं. तू टेबलावर जे बोललास ते त्या संध्याकाळी खोटं होतं, आणि मी खाणीत जे बोलले ते तर पहिल्यापासूनच खोटं होतं.

मी गॉर्डनला कागद दाखवला. तो म्हणाला, ओढ्यात पडला तेव्हा आपटून दुर्बीण ढळली असेल. असंच म्हणणार सगळे. दुर्बिणी आपटून ढळतात, ते खोटं नाही. माझ्या तोंडून आता इथे कुणी काही ऐकणार नाही. मी विधवा आहे, मला सगळे पाव देतात.

पण घडण्याआधी मी काय केलं ते तुला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं. आणि तो आंधळा झाला असं सगळ्यांत आधी तूच म्हणालास, म्हणून तू सांगितलंस तर ते ऐकतील.

मे महिन्यात ये. माझ्याकडे उतरायचं नसेल तर गॉर्डनकडे उतर. मला क्षमा कर असं मी म्हणत नाही, मी स्वतःही केलेली नाही. पण ते त्याला खाली सोडायच्या आधी वेससमोर, गॉर्डनसमोर, त्या जावयासमोर उभा राहा आणि सांग की रेइनो कांगासला शेवटपर्यंत दिसत होतं आणि नेम त्याचा चुकला नाही. कुणाचा चुकला ते तुझ्या शेजारी उभी राहून मी सांगेन.

मार्लिस